सरगॅसमची साखर : प्रकल्पाच्या नोंदी

३० जानेवारी २०२५, गुरुवार

काल अमावस्या झाली, म्हणून आज सकाळच्या ओहोटीला पाणी चांगलं आत गेलं होतं. मुलुंडहून पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून वांद्रे, तिथून रिक्षाने बँडस्टँड. खडकांवर उतरले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. मोबाइलच्या उजेडात आधी दिसलं ते हिरवं अल्वा, पालकाच्या कोवळ्या पानासारखं पातळ. मग पडायना, छोटे छोटे पंखे दगडाला चिकटवल्यासारखी. मला प्रकल्पासाठी हवं असलेलं सरगॅसम, म्हणजे ज्यातली साखर काढून तिची रचना बघायची ते तपकिरी समुद्री शेवाळ, मात्र दोन-चार झुबके, तेही वीतभर, आणि प्रत्येकात गुटख्याची पुडी नाहीतर निर्माल्याचा दोरा अडकलेला.

कालवं काढत बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय शोधतेस गो?" शेवाळ म्हटल्यावर हसल्या. "ते जाल्यात येतं. आमी फेकून देतो."

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्गेसेन यांनी १९३० साली मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या आणि तपकिरी शेवाळांवर लेख लिहिला होता. त्या वेळच्या खडकांवर काय काय असेल, असं मनात येऊन गेलं. माझ्या पिशवीत दीडशे ग्रॅम भरलं, तेही वाळूसकट.

माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. तपकिरी शेवाळातल्या साखरा ऋणभारित असतात, त्या पाण्यातले धातू धरून ठेवतात. नाल्याच्या तोंडाशी वाढलेलं शेवाळ घेतलं तर पुढे प्रत्येक आकड्याबद्दल शंका येत राहील. तेव्हा रत्नागिरीच्या आत्याला साकडं घालायचं ठरलं.

७ फेब्रुवारी

तुतारी एक्सप्रेसने गोणी आली. आत्याच्या शेजारचा मुलगा येणार होता, त्याच्या गळ्यात बांधली. दादरला उतरला तो वैतागूनच. "ताई, डब्यातल्या लोकांना वाटलं मी सुकट घेऊन चाललोय." त्याला स्टेशनाबाहेर वडापाव आणि चहा. एवढ्यावर भागलं हे माझं नशीब.

ओलं वजन ४.२ किलो. नळाच्या पाण्याने तीनदा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुतलं. सरगॅसमला पानांच्या बगलेत मोहरीएवढे ते वाटाण्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्या जोरावर ते पाण्यात उभं राहतं. दोन बोटांत दाबले की फटफट वाजतात. धुणं अर्ध्या तासाचं होतं, मला सव्वा तास लागला, कारण हेच.

गच्चीत सावलीला पसरलंय. उन्हात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "हे खायचं असतं का?" विचारलं. नाही म्हणून सांगितलं. जपानी लोक खातात ते हिजिकी सरगॅसमच्याच कुळातलं आहे आणि त्यात असेंद्रिय आर्सेनिक इतकं सापडतं की ब्रिटनच्या अन्न विभागाने ते खाऊ नका असा सल्ला दिलेला आहे. काकूंना आर्सेनिक हा शब्द कळला. आता गच्चीत कोणी फिरकत नाही.

१२ फेब्रुवारी

वाळून ४६० ग्रॅम. आईने मिक्सर दिला नाही, बरोबरच आहे. लॅबच्या ग्राइंडरमध्ये पूड केली. ८५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळत ठेवली. हे रंग आणि चरबी काढायला. सकाळी वरचं द्रावण कडक चहासारखं. तिसऱ्या धुण्याला ते फिकट पिवळं झालं, तेव्हा थांबले.

इथेनॉलचं वेगळंच प्रकरण. अबकारी खात्याचा माल असल्याने कुलपात असतो, रजिस्टरवर मिलिलिटरमध्ये सही करावी लागते. लॅबमधले मामा दर वेळी त्याच गंभीर चेहऱ्याने विचारतात, "उरलं तर परत आणणार ना?" मामा, हे उरत नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, लॅब रिकामी, हीटिंग मँटल माझ्या एकटीचं. आज काढणीचा दिवस.

आपण कशाच्या मागे आहोत ते इथे एकदा नीट लिहून ठेवते, नाहीतर जूनमध्ये मलाच आठवणार नाही.

तपकिरी शेवाळात मोठ्या साखळ्यांच्या तीन साखरा महत्त्वाच्या. पहिली अल्जिनेट : मॅन्युरॉनिक आणि गुल्युरॉनिक आम्लांची माळ. दोन्हींची रचना सारखीच, फक्त पाचव्या कार्बनवर दिशा उलट, पण तेवढ्याने माळेचा आकार बदलतो. गुल्युरॉनिकचे तुकडे शेजारी शेजारी आले की त्यांच्या खाचांत कॅल्शियम जाऊन बसतं, ट्रेमध्ये अंडी बसावीत तसं, आणि सगळं घट्ट होतं. दाताचा डॉक्टर माप घ्यायला तोंडात जो गुलाबी लगदा कोंबतो तो हाच. दुसरी लॅमिनारिन : ग्लुकोजची, तुलनेने साधी, एक-तीन जोडाची (एकाचा पहिला कार्बन पुढच्याच्या तिसऱ्याला), अधूनमधून एक-सहाची फांदी. शेवाळाची शिदोरी. तिसरी फ्युकॉइडन, आपली. स्वीडनच्या किलिन यांनी १९१३ साली ती पहिल्यांदा वेगळी केली. मुख्य घटक फ्यूकोज, आणि त्यावर सल्फेट. एवढं सगळ्या पुस्तकांत मिळतं. कोणत्या कार्बनला कोणता जोड आणि सल्फेट नक्की कुठे, हे मात्र शेवाळागणिक बदलतं, आणि सरगॅसमच्या फ्युकॉइडनमध्ये तर गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल असे पाहुणेही बसलेले असतात.

काढायच्या दोन वाटा. सौम्य आम्लात उकळलं तर माल जास्त येतो, पण आम्ल साखळी तोडतं आणि थोडं सल्फेटही उडवतं. कॅल्शियम क्लोराइडच्या दोन टक्के द्रावणात ७० अंशांवर काढलं तर माल कमी, पण अल्जिनेट कॅल्शियम धरून चोथ्यातच बसतं आणि फ्युकॉइडन पाण्यात उतरतं. मला रचना बघायची आहे, वजन नाही. कॅल्शियमची वाट घेतली. ५० ग्रॅम पूड, चार तास, दोनदा.

चोथा गाळून वेगळ्या डब्यात वाळवून ठेवलाय.

२६ फेब्रुवारी

गाळलेलं द्रावण आटवलं, त्यात अडीचपट गार इथेनॉल ओतलं. काचेच्या कांडीभोवती पांढुरके तंतू गुंडाळायला लागले, शेवयांची खीर ढवळतोय असं वाटावं. मामाही येऊन बघून गेले.

सेंट्रिफ्यूज करून, पाण्यात विरघळवून डायलिसिसच्या नळीत भरलं : क्षार बाहेर जातात, लांब साखळ्या आत राहतात. तीन दिवस पाणी बदलायचं. थांबायचं कधी? बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पांढरं झालं म्हणजे क्लोराइड अजून बाहेर येतंय. आज रात्री नऊच्या पाण्यातही हलका धूर दिसला.

३ मार्च

शेजारच्या विभागाचा फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवणारं यंत्र) मिळाला. हाताला लागला कापसासारखा १.९ ग्रॅम माल. पुडीच्या ३.८ टक्के. मॅडम म्हणाल्या, "वाईट नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

७ मार्च

रंगाच्या चाचण्या. फिनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, १९५६ सालची पद्धत, अजून सगळे हीच वापरतात. आम्ल भसकन ओतावं लागतं, उष्णतेनेच रंग येतो. सगळ्यांच्या सवयीने ग्लुकोजचा मानक आलेख काढला आणि ४९० नॅनोमीटरवर मोजलं. मग लक्षात आलं की माझ्या मालात मुख्य फ्यूकोज आहे. त्याचा रंग ४८० च्या आसपास सर्वाधिक, आणि तेवढ्याच वजनाला रंगही वेगळा येतो. सगळं पुन्हा, फ्यूकोजच्या आलेखावर. फ्यूकोजची बाटली महाग, एक ग्रॅमची, तिच्यातले वीस मिलिग्रॅम असे गेले.

सल्फेट : आधी आम्लात शिजवून सुटं करायचं, मग बेरियम क्लोराइड-जिलेटिनमध्ये येणारा गढूळपणा ३६० वर मोजायचा. जिलेटिनचं द्रावण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तरच आकडे जुळतात, आज केलेलं आज वापरलं तर नाही. कारण नक्की माहीत असलेलं कोणी भेटलं नाही, करतात मात्र सगळे.

आकडे, टक्क्यांत : साखर ५२, सल्फेट २१, युरॉनिक आम्ल (ग्लुक्युरॉनिकसारख्या आम्ल-साखरा) ११. बेरीज ८४. मला वाटलं चुकलं काहीतरी. मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं : प्रत्येक सल्फेटमागे एक सोडियम किंवा अर्धं कॅल्शियम, वर या कापसासारख्या मालाने ओढून घेतलेलं पाणी, वर थोडं प्रथिन. शंभर झाले असते तर उलट काळजी करायची.

२१ मार्च

मधे धुळवड, मग दोन दिवस ताप. कामाला आज लागले.

टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक) आम्लात १२१ अंशांवर साखळी पूर्ण तोडली, सुट्या साखरांना पीएमपी नावाचं रसायन जोडलं म्हणजे त्या अतिनील प्रकाशात दिसतात, आणि एचपीएलसीवर चढवल्या. हे यंत्र साखरा वेगळ्या करून आलेखावर एकेकीचं शिखर दाखवतं. फ्यूकोज सगळ्यात मोठं, मग गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज, थोडं ग्लुक्युरॉनिक. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे. आणि मधोमध ग्लुकोजचं भलं मोठं शिखर.

फ्युकॉइडनमध्ये इतकं ग्लुकोज कशाला असेल? हे लॅमिनारिन आहे, सोबत उतरलेलं. कॅल्शियमने अल्जिनेट अडवलं, पण लॅमिनारिनला कोणताच भार नाही, त्याला कॅल्शियमशी देणंघेणं नाही. म्हणजे ७ तारखेचे "साखर ५२ टक्के" दोन साखरांचे मिळून होते. त्या पानावर पेन्सिलीने फुली मारली, खोडलं नाही.

आणखी एक : या पद्धतीत डी आणि एल, म्हणजे साखरेची आरशातल्यासारखी दोन रूपं, वेगळी दिसत नाहीत. शेवाळातलं फ्यूकोज एल असतं हे मी गृहीत धरून चालले होते. कपाटातला जुना पोलॅरिमीटर काढून पुसला, सोडियमचा दिवा पेटायला वीस मिनिटं. द्रावणाने प्रकाश डावीकडे वळवला. एल-फ्यूकोजच्या साखळीकडून हीच अपेक्षा. एवढ्याने सिद्ध होत नाही, पण विरोधातही जात नाही.

१ एप्रिल

डीईएई सेल्युलोजचा स्तंभ. धनभारित भुसा समजा. लॅमिनारिन नुसत्या पाण्याबरोबर खाली उतरतं, सल्फेटवालं चिकटून राहतं, मग मीठ वाढवत नेलं की भार कमी ते आधी सुटतं. ०.५, १, १.५, २ मोलर. ८४ टेस्ट ट्यूब, प्रत्येकीत फिनॉल-सल्फ्युरिक. हाताला दोन ठिकाणी आम्लाचे डाग, ॲप्रनला मोजले नाहीत.

मिठाआधीच एक शिखर (ग्लुकोज, जा बाबा). ०.५ वर एक : युरॉनिक जास्त, सल्फेट कमी. १ मोलरवर मोठं : फ्यूकोज, गॅलॅक्टोज, सल्फेट. याला एफ-२ नाव दिलं. पुढचं सगळं याच्यावर. ३१० मिलिग्रॅम.

या दोन शिखरांच्या मधे मात्र आलेख शून्यावर येतच नाही. उतार आहे, दरी नाही. ३८ ते ४४ नंबरच्या ट्यूब कुठल्या गटात टाकायच्या, हे रसायनशास्त्राने नाही, मी ठरवलं.

४ एप्रिल

एफ-२ चं आयआर, म्हणजे अवरक्त प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. १२५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद पट्टा, सल्फेट. ८४५ ला खांदा. एल-फ्यूकोजच्या चौथ्या कार्बनवरचा गट अक्षीय (कड्याला उभा) असतो, तिथल्या सल्फेटची ही जागा. ८२० च्या बाजूला पण काही आहे, ती दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनवरच्या विषुवीय (कड्याच्या कडेला आडव्या) सल्फेटची. पण सगळं एकमेकांत मिसळलेलं. जुन्या लेखांतून लोक या एका खांद्यावर "सल्फेट चारवर" असं ठोकून मोकळे झालेले दिसतात. मी "बहुधा" लिहिलं.

१७ एप्रिल

एनएमआरची, म्हणजे चुंबकात ठेवून रेणूतले हायड्रोजन वाचणाऱ्या यंत्राची, पाळी एकदाची आली. पवईला. नमुना जड पाण्यात तीनदा विरघळवून तीनदा सुकवून नेला.

पडद्यावर १.१७ पीपीएमला सुरेख, सुईसारखं टोकदार शिखर. फ्यूकोजचा सहावा कार्बन मेथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) असतो, तो १.१ ते १.३ मध्ये दिसतो, हे पाठ. मी तिथूनच मैत्रिणीला मेसेज टाकला. बसमध्ये प्रिंटआउट चार वेळा काढून बघितला.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे शिखर किती फाट्यांचं आहे?"

"तीन."

"फ्यूकोजच्या मेथिलशेजारी हायड्रोजन किती?"

एक. शेजारच्या हायड्रोजनपेक्षा फाटा एक जास्त, म्हणजे दोन फाटे हवेत. आणि एवढ्या लांब, जाड रेणूचं शिखर सुईसारखं कधीच येत नाही, ते पसरट टेकाड असतं. तीन फाट्यांचं १.१७ ला, आणि जोडीला ३.६५ ला चार फाट्यांचं. इथेनॉल. मामांच्या कुलपातलं इथेनॉल, रजिस्टरवर माझ्या सहीसकट, तीन वेळा सुकवूनही मालात बसून राहिलेलं. खरं मेथिलचं टेकाड त्याच्या शेजारीच आहे, बुटकं, मी बघितलंच नव्हतं.

मैत्रिणीला काही कळवलं नाही. तिने केकचं चित्र पाठवलं होतं.

२८ एप्रिल

पाण्यात विरघळवून पुन्हा दोनदा फ्रीझ ड्राय. या वेळी यंत्र ६० अंशांवर ठेवायला सांगितलं : द्रावण पातळ होतं, शिखरं जरा आवळतात, आणि पाण्याचं शिखर सरकून ॲनोमेरिक (पहिल्या कार्बनच्या हायड्रोजनच्या) भागापासून लांब जातं.

इथेनॉल गेलं. १.२ ते १.४ टेकाड. ५.० ते ५.५ मध्ये अल्फा-फ्यूकोजची पहिल्या कार्बनची शिखरं, किमान सहा-सात, एकमेकांच्या अंगावर. लग्नघरात सगळ्या आत्या एकदम बोलतात तसं. सगळ्या बोलतायत हे कळतं, कोण काय म्हणतंय ते नाही. एकाच फ्यूकोजला शेजारी कोण, सल्फेट दोनवर की चारवर की दोन्हींवर, यावरून शिखर सरकतं. एवढे प्रकार एकाच नमुन्यात आहेत, याची ही खूण.

१४ मे

सल्फेट उतरवलं. सल्फेटचं पिरिडिनियम क्षार करून डीएमएसओ या द्रावकात थोडं मेथेनॉल घालून तापवायचं. आता दोन नमुने : सल्फेटवाला आणि बिनसल्फेटचा. पुढच्या पायरीत दोघांची तुलना.

पुढची पायरी मेथिलेशन. साखळीत जो ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट मोकळा आहे त्यावर मेथिलचं टोपण बसवायचं, मग साखळी तोडायची. तोडल्यावर जे ओएच नव्याने उघडे पडतात ते आधी कशात तरी गुंतलेले होते : जोडात नाहीतर सल्फेटखाली. त्यांवर ॲसिटिल बसवायचं आणि जीसी-एमएसवर, म्हणजे तुकडे वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, वाचायचं. सल्फेटवाल्या नमुन्यात न दिसणारं टोपण बिनसल्फेटच्यात दिसलं, तर तिथे सल्फेट होतं. कल्पना इतकी सुंदर आहे की करताना काय होतं ते कोणी सांगत नाही.

२६ मे

पाऊस! मे महिन्यात मान्सून. हवामान खात्याने आज मुंबईत दाखल झाला म्हणून जाहीर केलं, नोंदींमधला सगळ्यात लवकरचा. गाड्या रखडल्या, लॅबला अकराऐवजी दीडला पोचले.

शुक्रवारी केलेलं मेथिलेशन वाया. या विक्रियेला पाणी चालत नाही आणि डीएमएसओ हवेतलं पाणी पितं, तेही या हवेत. पूर्ण झालं का ते बघायला आयआर घ्यायचं : ३४०० चा ओएचचा पट्टा गेला पाहिजे. नमुना मिसळून पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबली, काचेसारखी निघाली, यंत्रापर्यंत नेईस्तोवर दुधासारखी. पट्टा दिसतोय, पण तो साखरेचा की मुंबईच्या हवेचा?

अर्धवट मेथिलेशन हा यातला सगळ्यात मोठा धोका. टोपण बसलं नाही म्हणून उघडा राहिलेला ओएच जोडासारखाच दिसतो, आणि नसलेल्या फांद्या कागदावर उगवतात.

५ जून

नमुना फॉस्फरस पेंटॉक्साइडवर दोन दिवस निर्वात. डीएमएसओ पाणी शोषणाऱ्या चाळणीच्या मण्यांवर वाळवलेलं. सोडियम हायड्रॉक्साइड खलात कुटताना एसी चालू, दार बंद, मामा बाहेर पहारा. मेथिल आयोडाइड फ्यूम हूडमध्ये, थेंबाथेंबाने. दोनदा केलं. ब्रोमाइडची चकती दिव्याखाली गरम ठेवून नेली. बिनसल्फेटच्यात पट्टा जवळजवळ सपाट. सल्फेटवाल्यात थोडा उरला. हा डीएमएसओमध्ये नीट विरघळतच नाही, तळाला जेलीसारखा बसतो.

१६ जून

जीसी-एमएस. बिनसल्फेटच्यात २,४-डायमेथिल फ्यूकोज सगळ्यात मोठं, म्हणजे टोपणं दोन आणि चारवर, तीनवर जोड. २,३-डायमेथिल लहान, म्हणजे चारवर जोड. टोकाचं २,३,४ थोडं. सल्फेटवाल्यात नुसतं २-मेथिल बरंच, आणि २,४ त्या मानाने कमी. सल्फेट निघाल्यावर २-मेथिल घटलं नि २,४ वाढलं. तीनवर जोड, चारवर सल्फेट : आयआरमधल्या ८४५ च्या खांद्याशी जुळलं. "बहुधा" अजून खोडलेलं नाही, कारण सल्फेटवाल्याचं मेथिलेशन अपुरं होतं हे मला माहीत आहे.

गॅलॅक्टोज पाच-सहा प्रकारे जोडलेलं. ते फ्यूकोजच्या साखळीत ओवलेलं आहे की फांदीवर लटकलंय, हे या पद्धतीने कळत नाही. साखळी तोडल्यावर कोण कोणाशेजारी होतं ही माहितीच गेलेली असते.

२४ जून

अहवाल. मॅडम म्हणाल्या, रचनेची आकृती हवी. तीन कागद फाडले. कंसात एक सुबक तुकडा काढून खाली "एन" लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं शेवाळात तोच तुकडा पुन्हा पुन्हा आहे. ३८ ते ४४ नंबरच्या ट्यूब माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

शेवटी आकृतीऐवजी तक्ता दिला : कोणता जोड, कोणत्या नमुन्यात किती, कशावरून. मॅडमनी वाचलं, "परीक्षक आकृती मागतील" म्हणाल्या, आणि सही केली.

आत्याचा फोन. "अगो, काय निघालं त्या घाणीतनं?" साखर, म्हटलं. "गोड आहे?" चाखली नाही. "मग राहिलेलं माडाला घाल, आम्ही तेच करतो."

मुलुंडला माड नाही. चोथ्याचा डबा उघडून बघितला, बुरशी नाही, खडखडीत. अल्जिनेट सगळं त्यातच आहे. सोडियम कार्बोनेटमध्ये निघतं म्हणतात. डब्यावर वजन आणि तारीख लिहिली, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी एक ओळ : कॅल्शियम अजून आत आहे, आधी आम्लाने धुवा.